‘विद्यापीठ’ ही पाटी वाचायची कशी? खासगी विद्यापीठ, तिथले कोर्स आणि फीचं गणित

मी कोंढ्याहून बोलतोय, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. ज्यांचं नेटवर्क मध्येच गेलं, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, किंवा ज्यांना हे आई-बाबांना वाचून दाखवायचंय, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. बोलताना जे दोनदा आलं ते इथं एकदाच ठेवलंय. बाकी भाषा बोलण्याचीच आहे, सांभाळून घ्या.

बारावीचा निकाल लागला की आपल्या फोनवर काय सुरू होतं ते तुम्हाला माहीत आहे. ज्या कॉलेजचं नाव कधी ऐकलं नाही तिथून फोन येतात. “सर, तुमच्यासाठी सीट राखून ठेवली आहे.” रील उघडली की हिरवीगार लॉन, काचेची इमारत, आणि खाली मोठ्या अक्षरात ‘युनिव्हर्सिटी’. गेल्या काही दिवसांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच: “दादा, हे खासगी विद्यापीठ म्हणजे काय राहते? आपल्या नागपूर विद्यापीठापेक्षा चांगलं का वाईट?”

उत्तर आधीच देऊन टाकतो, मग समजावतो. खासगी विद्यापीठ चांगलंही असतं, साधारणही असतं. ‘खासगी’ या शब्दावरून दर्जा कळत नाही. पण त्या शब्दावरून दुसरी एक गोष्ट नक्की कळते: फी कोण ठरवणार, प्रवेश कोण देणार, आणि तुमच्या फीचा किती वाटा सरकार उचलणार. धानाच्या चुकाऱ्यांवर वर्ष काढणाऱ्या घरासाठी ही शेवटची गोष्ट लॉन आणि काचेपेक्षा फार मोठी आहे. आजचा भाग त्यासाठी.

एकच कॉलेज, तीन पाट्या

हे समजायला नागपूरचंच उदाहरण घेऊ. काटोल रोडवरचं रामदेवबाबा. आपल्याकडच्या कितीतरी घरांत हे नाव ठाऊक आहे.

१९८४ मध्ये श्री रामदेवबाबा सार्वजनिक समितीनं इथं इंजिनिअरिंग कॉलेज सुरू केलं. तेव्हा ते नागपूर विद्यापीठाचं संलग्न कॉलेज होतं. संलग्न म्हणजे काय? शिकवायचं कॉलेजनं, पण अभ्यासक्रम विद्यापीठाचा, पेपर विद्यापीठाचा, निकाल विद्यापीठाचा आणि पदवीवर नावही विद्यापीठाचं. भंडाऱ्याचं जे. एम. पटेल कॉलेज घ्या किंवा नागपूर, वर्धा, गोंदिया, भंडारा या चार जिल्ह्यांतली गावोगावची पदवी कॉलेजं घ्या, ती बहुतेक याच पद्धतीनं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १९२३ सालचं, सार्वजनिक.

२०११ मध्ये रामदेवबाबा स्वायत्त झालं. म्हणजे अभ्यासक्रम स्वतः बनवायचा, परीक्षा स्वतः घ्यायच्या, निकाल स्वतः लावायचा. पण पदवी मात्र अजूनही नागपूर विद्यापीठाचीच. घर वेगळं केलं, पण सातबारा अजून मोठ्या घराच्या नावावर, असं समजा.

आणि २०२४ मध्ये ते खासगी विद्यापीठ झालं: रामदेवबाबा विद्यापीठ. राज्याच्या कायद्यानं त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आता अभ्यासक्रम, परीक्षा, निकाल आणि पदवी, सगळं त्याचं स्वतःचं.

बघा, जागा तीच, रस्ता तोच. बदलली ती पाटी, आणि पाटीबरोबर बदलले नियम. म्हणून शेजारच्या दादानं आठ वर्षांपूर्वी तिथं काय फी भरली, त्याला कुठली शिष्यवृत्ती मिळाली, ते ऐकून आजचा निर्णय घेता येत नाही. त्याच्या वेळी ते स्वायत्त कॉलेज होतं, आज ते विद्यापीठ आहे.

आता याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवतो. नागपूरचीच एलआयटी, लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, १९४२ सालची, केमिकल इंजिनिअरिंगसाठी नावाजलेली. २०२३ मध्ये तिचंही विद्यापीठ झालं: लक्ष्मीनारायण अभिनव तंत्रज्ञान विद्यापीठ. पण हे सार्वजनिक विद्यापीठ आहे, खासगी नाही. एकाच शहरात, वर्षभराच्या अंतरानं दोन जुन्या संस्था विद्यापीठ झाल्या. एक खासगी कायद्याखाली, एक सार्वजनिक. नुसतं ‘विद्यापीठ’ हे नाव ऐकून फरक कळणार नाही. विचारावंच लागतं.

चौथी पाटी: अभिमत

अजून एक प्रकार राहिला. अभिमत विद्यापीठ, ज्याला आपण सर्रास ‘डीम्ड’ म्हणतो. खासगी विद्यापीठ राज्याच्या कायद्यानं तयार होतं. अभिमत दर्जा मात्र केंद्र सरकार देतं, यूजीसीच्या शिफारशीवर, १९५६ च्या यूजीसी कायद्याच्या कलम ३ खाली.

आपल्या भागातलं उदाहरण म्हणजे वर्ध्याजवळचं सावंगी मेघे. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजची सुरुवात १९९० ची, आणि २००५ पासून ती संस्था अभिमत विद्यापीठ आहे, दत्ता मेघे यांच्या नावाची. दुसरं उदाहरण सिम्बायोसिस. मूळ पुण्याचं, डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ मध्ये सुरू केलेलं, २००२ मध्ये अभिमत झालेलं. त्याचा एक कॅम्पस आता नागपूरच्या पूर्व टोकाला, वाठोड्याला आहे. आपण भंडारा रोडनं नागपुरात शिरतो त्याच बाजूला.

गंमत बघा, ही सगळी ठिकाणं शहराच्या मध्यात नाहीत. कुणी काटोल रोडला, कुणी वाठोड्याला, कुणी वर्ध्याच्या बाहेर सावंगीला. विद्यापीठाला मोठी सलग जागा लागते, म्हणून ती शहराच्या काठावर जातात. याचा आपल्याशी संबंध काय? कोंढ्याहून नागपूरला रोज अप-डाऊन करून बी.टेक. होत नाही. हॉस्टेल किंवा खोली लागणारच. आणि शहराच्या काठावर स्वस्त खोली, स्वस्त मेस कमी असते. मग विद्यापीठाचंच हॉस्टेल घ्यावं लागतं. हा खर्च माहितीपत्रकात पहिल्या पानावर नसतो. तो पुढच्या गणितात घेऊ.

तिथं शिकायला मिळतं काय?

आता कोर्सकडे येऊ. खासगी विद्यापीठाची कोर्सची यादी पाहिली की डोळे दिपतात. तीन ढिगांत वाटून बघा, सोपं जाईल.

पहिला ढीग, जुन्या मुळाचे कोर्स. संस्था ज्यासाठी सुरू झाली ते. रामदेवबाबाचं मूळ इंजिनिअरिंग: सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, इंडस्ट्रिअल इंजिनिअरिंग. सोबत एमबीए आणि एमसीए. सावंगीचं मूळ वैद्यकीय: एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, नर्सिंग, फिजिओथेरपी. सिम्बायोसिसच्या नागपूर कॅम्पसवर कायदा आणि मॅनेजमेंट आधी आले. जुन्या मुळाच्या कोर्सला प्रयोगशाळा जुन्या असतात, माजी विद्यार्थी कामाला लागलेले असतात, त्यांना फोन करून विचारता येतं.

दुसरा ढीग, जुन्या कोर्सच्या नव्या फांद्या. कॉम्प्युटर सायन्सच्या शेजारी कंसात लिहिलेलं असतं: एआय-एमएल, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी. लोक मला विचारतात, यात फरक किती? साधारणपणे पहिल्या दोन वर्षांचा पाया सारखा असतो. गणित, प्रोग्रामिंग, डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम. फरक तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विषयांत पडतो. म्हणून नाव पाहून भाळू नका. विद्यापीठाच्या साइटवर ‘सिलॅबस’ची पीडीएफ असते. ती डाउनलोड करा आणि पाचव्या ते आठव्या सेमिस्टरचे विषय दोन्ही शाखांचे शेजारी-शेजारी ठेवून वाचा. पीडीएफ सापडतच नसेल, तर तेही एक उत्तरच समजा.

तिसरा ढीग, विद्यापीठ झाल्यावर आलेले नवे कोर्स. बीबीए, बीसीए, डिझाइन, वगैरे. विद्यापीठ झालं की नवा कोर्स काढायला दुसऱ्या विद्यापीठाची परवानगी लागत नाही, म्हणून ते पटापट येतात. वाईट असतात असं नाही. पण पहिली-दुसरी बॅच म्हणजे तुमच्या आधी बाहेर पडलेलं कुणी नसतं. नोकरीचे आकडे विचारले तर ते दुसऱ्या कोर्सचे दाखवले जातात. तिथं थांबून विचारायचं: “याच कोर्सची किती मुलं आजवर पास होऊन बाहेर पडली?”

ज्या कोर्सला विद्यापीठाचं नाव एकटं पुरत नाही

काही पदव्यांना विद्यापीठाशिवाय आणखी एका संस्थेची मान्यता लागते. नाहीतर पदवी हातात, पण काम करता येत नाही. लिहून घ्या:

कायद्याला बार कौन्सिल ऑफ इंडिया. फार्मसीला फार्मसी कौन्सिल. नर्सिंगला नर्सिंग कौन्सिल. आर्किटेक्चरला काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर. बी.एड.ला एनसीटीई. एमबीबीएसला राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, आणि तिथला प्रवेश फक्त ‘नीट’वरून. अभिमत विद्यापीठांच्या एमबीबीएस जागांचं समुपदेशन दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिती करते. कुणी फोनवर “थेट सीट देतो” म्हणत असेल तर फोन ठेवा.

इंजिनिअरिंगचं थोडं वेगळं. सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये सांगितलं की विद्यापीठाला तांत्रिक कोर्ससाठी एआयसीटीईची आधी परवानगी घेण्याची सक्ती नाही, मात्र दर्जाचे निकष पाळावे लागतात. त्यामुळे तिथं एनबीएचं मानांकन बघायचं. ते संस्थेला नाही, एकेका कोर्सला मिळतं. मेकॅनिकलला आहे म्हणजे एआय-एमएललाही आहे, असं होत नाही.

क्रेडिट, एक्झिट आणि फोनमधलं खातं

नव्या शैक्षणिक धोरणानंतर सगळीकडे क्रेडिटची भाषा आली आहे. थोडक्यात सांगतो. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. बीए, बीएस्सी, बीकॉमसारख्या कोर्समध्ये एक वर्ष करून सोडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तिसऱ्या वर्षी पदवी. मिळवलेली क्रेडिट ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या खात्यात जमा होतात, डिजिलॉकरमध्ये दिसतात.

हे आपल्या कामाचं कसं? घरची अडचण आली, एक वर्ष थांबावं लागलं, तर केलेलं वाया जाऊ नये म्हणून. पण सोडून परत यायचे नियम त्या विद्यापीठात काय आहेत आणि परत आल्यावर फी जुनी का नवी, हे आधीच विचारा. नियम कागदावर असणं वेगळं आणि तिथं ते चालणं वेगळं.

आता मुख्य गोष्ट: पैसे कुणाचे?

इथून पुढे जरा लक्ष देऊन वाचा. शक्य असेल तर मोठ्यानं वाचा, घरचे ऐकतील असं.

विनाअनुदानित खासगी कॉलेज, जे विद्यापीठ नाही, त्याची व्यावसायिक कोर्सची फी महाराष्ट्रात शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करतं, २०१५ च्या कायद्याखाली. प्रवेश सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून होतात, ज्याला आपण ‘कॅप राउंड’ म्हणतो. खासगी विद्यापीठ मात्र स्वतःच्या कायद्यातल्या तरतुदींनुसार आपली फी आणि आपली प्रवेशप्रक्रिया ठरवतं. सिम्बायोसिसच्या स्वतःच्या परीक्षा आहेत: कायद्याला स्लॅट, एमबीएला स्नॅप.

मग सरकारी मदत? जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं मुलींच्या मोफत उच्च शिक्षणाचा शासन निर्णय काढला. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक कोर्सच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के लाभ. आधी तो पन्नास टक्के होता. सरकारी, अनुदानित, विनाअनुदानित, सगळ्या प्रकारच्या कॉलेजांना तो लागू आहे. पण त्याच निर्णयात कंसात चार शब्द आहेत: खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळून. आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा.

‘स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ’ म्हणजे आपलं खासगी विद्यापीठच. सरकारी कागदावर त्याचं नाव असं येतं. बातमीत “मुलींना शिक्षण मोफत” एवढंच येतं. कंस बातमीत येत नाही.

गणित करू. आकडे मी समजण्यासाठी धरतोय, कुठल्याही संस्थेचे नाहीत. समजा आपल्याकडची एक मुलगी, ओबीसी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. बी.टेक., चार वर्षं. शिक्षण शुल्क वर्षाला १,५०,००० रुपये, हॉस्टेल आणि मेस ८०,००० रुपये. दोन्ही ठिकाणी सारखंच धरू.

कॅपमधून साध्या विनाअनुदानित कॉलेजात गेली, तर शिक्षण शुल्क सरकार देतं. घरातून जातात हॉस्टेलचे ८०,००० गुणिले चार: ३,२०,००० रुपये.

खासगी विद्यापीठात गेली, तर २,३०,००० गुणिले चार: ९,२०,००० रुपये.

फरक सहा लाखांचा. फी एक रुपयानंही जास्त नसताना! फक्त पाटी वेगळी आहे म्हणून. यात विकास शुल्क, अनामत, पुस्तकं, लॅपटॉप धरलेलं नाही; ते दोन्हीकडे घरातूनच जातं.

मुलांसाठी ओबीसी आणि खुल्या प्रवर्गातल्या आर्थिकदृष्ट्या मागास योजनांत साधारण अर्ध्या शिक्षण शुल्काचा लाभ असतो. म्हणजे फरक थोडा कमी पडतो, पण पडतोच. एससी, एसटी, व्हीजेएनटी यांच्या मॅट्रिकोत्तर योजनांचे नियम वेगळे आहेत. तिथं माझ्या शब्दावर जाऊ नका, एक साधी चाचणी करा. महाडीबीटीवर त्या योजनेत संस्थेचं नाव आणि तुमच्या कोर्सचं नाव यादीत दिसतं का ते पाहा. दोन्ही दिसलं पाहिजे. नसेल दिसत, तर संस्थेच्या शिष्यवृत्ती खिडकीवर लेखी उत्तर मागा. “होऊन जाईल” हे उत्तर नाही. असे निर्णय बदलतातही, म्हणून ज्या वर्षी प्रवेश घेताय त्या वर्षीचा कागद बघायचा.

खासगी विद्यापीठं स्वतःच्याही शिष्यवृत्त्या देतात: सीईटीचे पर्सेंटाइल, बारावीचे मार्क, खेळ यांवर. त्या खऱ्या असतात. पण एकच प्रश्न विचारा: “ही सवलत चारही वर्षं आहे का, आणि टिकवायला दर वर्षी किती सीजीपीए लागतो?” बऱ्याच सवलती पहिल्या वर्षापुरत्या असतात. सिम्बायोसिस नागपूरमध्ये स्थानिक नागपूरकरांसाठी काही जागा आणि फीत सवलत आहे. भंडारा जिल्ह्यातला विद्यार्थी त्या ‘स्थानिक’मध्ये बसतो का, हे आधी विचारून घ्यायचं, गृहीत धरायचं नाही.

कर्ज काढायचं तर

पीएम विद्यालक्ष्मी योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. तारण नाही, जामीनदार नाही. उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिक्षणाचा काळ आणि त्यानंतर एक वर्ष, तीन टक्के व्याजसवलत. मात्र लाभार्थ्यांची संख्या दर वर्षी ठरलेली. आणि ही योजना एनआयआरएफ क्रमवारीवरून निवडलेल्या संस्थांनाच लागू. तुमची संस्था त्या यादीत आहे का, ते पोर्टलवर कळतं. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राची जुनी व्याज अनुदान योजनाही विचारा.

बँकेत जाताना फक्त फी धरून कर्ज मागू नका. हॉस्टेल, मेस, लॅपटॉप सगळं धरा. नाहीतर तिसऱ्या वर्षी पैसे संपतात, आणि मग शेत गहाण पडतं.

कॅलेंडरचा खेळ

ही गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. बरीच खासगी विद्यापीठं प्रवेश लवकर सुरू करतात. काहींचे फॉर्म तर बारावीच्या परीक्षेच्या आधीच निघतात. कॅपच्या फेऱ्या येतात उशिरा, जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे नेमक्या रोवणीच्या दिवसांत, जेव्हा घरातलं प्रत्येक माणूस बांधीत असतं आणि सेतू केंद्रात जायला कुणाला सवड नसते.

मधल्या काळात काय होतं? फोन येतो, “आज पंचवीस हजार भरा, सीट पक्की. उद्या भरेल.” घरचे घाबरतात. भरून टाकतात. मग कॅपमध्ये चांगलं कॉलेज लागलं तरी “एवढे पैसे भरले” म्हणून जात नाहीत. पंचवीस हजार वाचवायला सहा लाख जातात.

म्हणून हे लक्षात ठेवा. भरलेली फी परत मिळण्याचे यूजीसीचे नियम आहेत, आणि ते खासगी व अभिमत विद्यापीठांनाही लागू आहेत. २०२४-२५ साठी नियम असा होता: ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द केला तर फार तर एक हजार रुपये कापून बाकी परत. तारखा दर वर्षी जाहीर होतात. संस्थेला तुमची मूळ टीसी आणि मार्कशीट अडकवून ठेवता येत नाही. पडताळणी करून परत द्यायची. नाही दिली तर यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार करता येते, फोनवरूनच.

आणि रोवणीआधी, मे-जूनमध्येच, चार कागद काढून ठेवा: उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला आणि जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर. फेरी सुरू झाल्यावर तहसीलची रांग तुमच्यासाठी थांबत नाही.

मग खासगी विद्यापीठात जाऊच नये का?

असं मी म्हणत नाहीये. काही बाबतीत ती खरंच पुढे आहेत. सार्वजनिक विद्यापीठाला शेकडो कॉलेजांच्या परीक्षा घ्याव्या लागतात. निकाल लांबले की पुढचे प्रवेश आणि नोकऱ्या अडतात. खासगी विद्यापीठाला दुसरी कॉलेजं संलग्न करताच येत नाहीत, त्यामुळे त्याचं काम आपल्याच मुलांपुरतं असतं आणि निकाल वेळेवर लावणं सोपं जातं. अभ्यासक्रम बदलायला वर्षानुवर्षं लागत नाहीत. इंजिनिअरिंगच्या मुलाला मॅनेजमेंटचा ‘मायनर’ घेता येतो.

तुम्हाला हवा असलेला कोर्स जवळच्या सरकारी कॉलेजात नसेल, शिष्यवृत्ती धरूनही खर्च घराला झेपत असेल, आणि त्या कोर्सची आधीची बॅच काय करतेय हे तुम्ही स्वतः तपासलं असेल, तर जा. बिनधास्त जा. फक्त सीट हुकेल या भीतीनं जाऊ नका.

फोनवर अर्ध्या तासात होणारी तपासणी

एक. यूजीसीच्या साइटवर राज्यवार विद्यापीठांची यादी आहे. त्यात नाव शोधा आणि ते कुठल्या प्रकारात आहे ते बघा: राज्य, केंद्रीय, अभिमत की खासगी. तिथंच बनावट विद्यापीठांचीही यादी असते. त्या यादीत नागपूरच्या पत्त्याचंही एक नाव वर्षानुवर्षं होतं, म्हणून “आपल्या जवळ असं नसतं” समजू नका.

दोन. विद्यापीठ कुठल्या राज्याच्या कायद्याखाली आहे? नागपुरात जाहिरात करणारी, पण मध्य प्रदेशातली खासगी विद्यापीठंही आहेत. सौंसरकडे गाडी तासा-दोन तासांत पोहोचते, पण राज्य बदलतं, आणि राज्याबरोबर शिष्यवृत्तीचे नियमही.

तीन. नॅकचा दर्जा कधीचा आहे? कॉलेज असतानाचा की विद्यापीठ झाल्यानंतरचा?

चार, आणि हे माझं आवडतं. संस्थेच्या साइटवर ‘एनआयआरएफ’ नावाची पीडीएफ शोधा. क्रमांक सोडून द्या. आतले तक्ते वाचा. किती मुलं वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली, आणि त्यांचा मध्यक पगार किती. जाहिरातीत सगळ्यात मोठा पगार असतो. मध्यक म्हणजे रांगेतल्या मधल्या मुलाचा पगार, आणि आपण बहुतेक तिथंच कुठंतरी उभे असतो. त्याच पीडीएफमध्ये आणखी एक तक्ता असतो: किती विद्यार्थ्यांची पूर्ण शिक्षण फी सरकारकडून मिळाली, कितींची संस्थेनं स्वतः दिली, आणि कितींना पूर्ण फी मिळाली नाही. समुपदेशक फोनवर काहीही सांगो, हा तक्ता संस्थेनं स्वतः सरकारला भरून दिलेला असतो.

पाच. कॅम्पस पाहायला जाल तेव्हा समुपदेशकाबरोबर फिरून झालं की एकटे कँटीनमध्ये जा. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा: “पहिल्या वर्षी सांगितलेली फी आणि आजची फी, फरक किती?” भंडारा पासिंगची गाडी दिसली तर तिच्या मालकाला आधी गाठा, आपल्या भाषेत खरं सांगेल.

तर मंडळी, प्रश्न होता: चांगलं का वाईट? आता तुम्ही तो असा विचारा: “ही पाटी कोणती, हा कोर्स किती जुना, आणि चार वर्षांचे पैसे कुणाच्या खिशातून?” या तिन्हींची उत्तरं कागदावर मिळाली की मग फी भरा.

पुढच्या भागात डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश कसा घ्यायचा ते बोलू. पवनी, अड्याळ, लाखांदूर, साकोलीकडून ज्यांचे प्रश्न आले आहेत, त्यांचे सगळे तिथं घेतो. तोवर हा भाग वर्गाच्या ग्रुपवर टाका, आणि ज्यांच्या घरी या आठवड्यात “सीट पक्की करा” असा फोन आलाय त्यांना आधी पाठवा. भेटूच!